‘तू मॅनेजर आहेस, तुला ओव्हरटाइम नाही’ : दुकानातल्या असिस्टंट मॅनेजरांनी हे ऐकून गप्प बसावं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही समजेल. तुमचे यजमान एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, तुम्ही एच-४ ईएडी वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर मिळालेल्या कामाच्या परवान्यावर. न्यू जर्सीतल्या एका मोठ्या साखळी दुकानात तीन वर्षांपासून असिस्टंट स्टोअर मॅनेजर आहात. आठवड्याला ठरलेले ९०० डॉलर मिळतात, काम मात्र साठ तासांच्या आसपास होतं. ट्रक आला की माल उतरवायचा, शेल्फ भरायचे, रजिस्टरवर उभं राहायचं, रात्री मॉप मारून दुकान बंद करायचं. ओव्हरटाइमचं विचारलंत तर उत्तर मिळालं, ‘तू सॅलरीड आहेस, मॅनेजर आहेस, तुला लागू नाही.’ हे खरं आहे का, दावा लावता येतो का, आणि लावला तर नोकरीचं आणि व्हिसाचं काय होईल, असं तुम्ही विचारलं आहे.

मी गेली एकवीस वर्षं न्यू जर्सीत कामगारांच्या बाजूने पगाराचे खटले लढवते. असे प्रश्न दर महिन्याला येतात आणि बहुतेकदा विचारणाऱ्यांना वाटतं की सगळी लढाई ‘मी किती हमाली केली’ एवढं दाखवण्याची आहे. ते दाखवावं लागतंच. पण माझा अनुभव असा की निकाल फिरतो तो दुसऱ्याच प्रश्नावर: दुकानात काय ठरवणं तुमच्या हातात होतं?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट हा फेडरल, म्हणजे सगळ्या देशाला लागू असलेला कायदा सांगतो, आठवड्यात ४० तासांपुढे काम केलं की दीडपट दर द्यायचा. पगार तासावर आहे की आठवड्यावर, याने हा हक्क जात नाही. ‘सॅलरीड म्हणजे ओव्हरटाइम नाही’ हे वाक्य इतकं सर्रास ऐकू येतं की खुद्द दुकानाच्या मॅनेजरांनाही ते कायदा वाटतो. तो कायदा नाही. ओव्हरटाइममधून सूट, म्हणजे एक्झेम्प्ट दर्जा, मिळायचा तर मालकाला तीन गोष्टी एकत्र दाखवाव्या लागतात: पगार ठरलेला असावा आणि तो कमी-जास्त होऊ नये, तो एका किमान रकमेच्या वर असावा, आणि काम खरोखर व्यवस्थापनाचं असावं. तिन्हींतलं एक जरी गळलं तरी सूट गेली.

किमान रकमेचा इतिहास सांगते, कारण त्यावरून गेल्या वर्षा-दोन वर्षांत खूप गैरसमज पसरले. २००४ पासून ती आठवड्याला ४५५ डॉलर होती. २०२० पासून ६८४, म्हणजे वर्षाला ३५,५६८ डॉलर. २०२४ च्या जुलैत ती ८४४ झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून १,१२८ होणार होती. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो सगळा नियमच रद्द केला आणि आकडा परत ६८४ वर आला. तुमचे ९०० त्याच्या वर आहेत, तेव्हा न्यू जर्सीत या मुद्द्यावर आपल्याला काही मिळत नाही. तुम्ही हडसन नदीपलीकडे न्यू यॉर्क शहरात हेच काम करत असतात तर प्रश्न तिथेच सुटला असता: तिथे २०२५ साली किमान रक्कम आठवड्याला १,२३७.५० डॉलर होती. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी वर्षाला ६८,६४० डॉलर. शिवाय कॅलिफोर्नियात निम्म्याहून जास्त वेळ प्रत्यक्ष व्यवस्थापनात जावाच लागतो, घड्याळ लावून. म्हणून दुकानांच्या मॅनेजरांचे मोठे दावे तिथे आधी उभे राहिले. स्टारबक्सने २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टोअर मॅनेजर आणि असिस्टंट मॅनेजरांना १.८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली होती. तुमच्या मैत्रिणीला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत पैसे मिळाले म्हणून तुम्हाला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मिळतील असं धरून चालू नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

पगार ठरलेला आहे का, याबद्दल एक गोष्ट मात्र घरी जाऊन तपासा. मुलाच्या शाळेतून फोन आला, तुम्ही दुपारी तीनला निघालात, आणि त्या आठवड्याचा चेक कमी आला, असं कधी झालंय का? रजेच्या शिल्लक तासांतून कापलं तर चालतं. पण अर्ध्या दिवसाच्या गैरहजेरीसाठी प्रत्यक्ष पगारच कापला, आणि हे वारंवार होत असेल, तर तो ‘ठरलेला पगार’ उरत नाही. रजिस्टरमध्ये पैसे कमी आले म्हणून पगारातून वळते केले, तरी तेच. सगळे पे-स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, काढून बघा. दोन प्रकरणांत मला तिथेच बाजू सापडली आहे आणि कामाच्या स्वरूपाच्या वादात शिरावंच लागलं नाही.

आता मुख्य मुद्दा, काम. फेडरल नियम विचारतो की तुमचं मुख्य कर्तव्य व्यवस्थापन आहे का, तुम्ही नियमितपणे किमान दोन पूर्णवेळ माणसांच्या कामावर देखरेख ठेवता का, आणि माणूस घेण्या-काढण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे का, किंवा निदान तुमच्या शिफारशीला खरं वजन आहे का.

‘मुख्य’ या शब्दाभोवती चाळीस वर्षं भांडण चाललंय. निम्म्याहून जास्त वेळ व्यवस्थापनात जात असेल तर प्रश्न नाही, पण कमी जात असला तरी मालक हरतोच असं नाही. नियमातच लिहिलंय की दुकानातला असिस्टंट मॅनेजर गिऱ्हाईक बघताना, शेल्फ भरतानासुद्धा व्यवस्थापन करत असू शकतो. १९८२ मध्ये बर्गर किंगच्या असिस्टंट मॅनेजरांच्या खटल्यात अपील कोर्टाने हेच धरलं होतं: शिफ्टला सगळ्या रेस्टॉरंटची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचं मुख्य काम व्यवस्थापन, मग त्याचा जास्त वेळ काउंटरमागे का जाईना. म्हणून कुणी माझ्याकडे येऊन ‘नव्वद टक्के वेळ मी खोकीच उचलते’ म्हणालं की मी मान डोलावते आणि पुढचा प्रश्न विचारते, खोकी उचलताना दुकान कोण चालवत होतं?

हा फरक समजून घ्यायला फॅमिली डॉलर या स्वस्त मालाच्या साखळी दुकानांचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. कंपनी तीच, पद तेच, नियमपुस्तिका तीच. पहिल्या खटल्यात १,४२४ स्टोअर मॅनेजर एकत्र आले. अलाबामात ज्युरीसमोर सुनावणी झाली आणि २००८ मध्ये अकराव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून एक विभाग) फेडरल अपील कोर्टाने सुमारे ३.५६ कोटी डॉलरचा निकाल कायम केला. हे लोक आठवड्याला ६० ते ७० तास काम करत आणि त्यातले ८० ते ९० टक्के माल भरणं, ट्रक उतरवणं, रजिस्टर, बाथरूम आणि पार्किंगची सफाई यांत जात. पण माझ्या मते ज्युरीला पटलं ते पुढचं: पेरोल बजेट वरून ठरलेलं, माल कुठल्या शेल्फवर कसा लावायचा ते वरून आलेलं, पगारवाढ डिस्ट्रिक्ट मॅनेजरच्या हातात. आणि त्यांचा पगार तासांनी भागला तर तो हाताखालच्या तासावरच्या असिस्टंट मॅनेजरच्या दराच्या जवळपासच येत होता. हा भागाकार फार बोलका असतो. तुम्हीही करून पाहा: ९०० भागिले ६० म्हणजे तासाला १५ डॉलर. तुमच्या शिफ्ट लीडला किती मिळतात?

दुसऱ्या खटल्यात नॉर्थ कॅरोलिनातल्या एका स्टोअर मॅनेजरची बाजू होती. तिनेही सांगितलं की जवळजवळ सगळा वेळ हाताच्या कामातच जातो. २०११ मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील कोर्टाने तिच्या विरुद्ध निर्णय दिला आणि प्रकरण ज्युरीपर्यंत गेलंच नाही. कोर्ट म्हणालं, हाताने काम करत असतानाच ती दुकान चालवत होती; डिस्ट्रिक्ट मॅनेजर रोज तिच्या डोक्यावर बसलेला नव्हता; दुकानाच्या नफ्यावर तिचा बोनस होता; आणि तिच्या पगारात नि इतरांच्या पगारात फरक होता. दोन्हीकडे खोकी सारखीच होती, फरक दिसला तो त्या खोक्यांभोवतालच्या मोकळीकीत. मी आजही नवीन सहकाऱ्यांना हे दोन निकाल एकाच दिवशी वाचायला देते.

तुमच्या प्रकरणात मला जास्त आशा वाटते ती देखरेखीच्या अटीवर. एक, दोन पूर्णवेळ माणसं म्हणजे हाताखालचे आठवड्याला साधारण ८० तास. तुमच्या दुकानात स्टोअर मॅनेजर एक आणि असिस्टंट दोन असतील तर एकाच कॅशियरचे तास तिघांच्या खात्यावर मांडता येत नाहीत. ते वाटून घ्यावे लागतात. छोट्या दुकानांत एवढे तास असतच नाहीत. दोन, नियमात स्पष्ट आहे की जो फक्त खऱ्या मॅनेजरच्या गैरहजेरीत माणसं सांभाळतो आणि एरवी मदतनीस असतो, तो ही अट पुरी करत नाही. तुम्ही लिहिलंय की क्लोजिंगला तुमच्याबरोबर एकच कॅशियर असते आणि दिवसा स्टोअर मॅनेजर स्वतः हजर असतात. हे दोन्ही मुद्दे तुमच्या बाजूचे आहेत. दर आठवड्याचं शेड्यूल जपून ठेवा, फोनमध्ये फोटो काढून. घेण्या-काढण्याचंही तसंच: तुम्ही मुलाखत घेतली असेल, पण ‘याला घेऊ नका’ म्हटल्यावर तरीही तो सोमवारी कामाला आला असेल, तर ती घटना तारखेसह लिहून ठेवा.

सिद्ध करण्याचा भार कुणावर, हेही विचारलंत. तुम्ही एक्झेम्प्ट आहात हे मालकाने सिद्ध करायचं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की त्यासाठी नेहमीच्या दिवाणी दाव्याइतकाच पुरावा पुरे, त्याहून भक्कम लागत नाही. आमच्या बाजूसाठी हा थोडा धक्का होता, पण न्यू जर्सीत आम्ही आधीपासून याच मापाने लढत होतो. तास मात्र तुम्ही दाखवायचे. मालकाने सॅलरीड म्हणून तुमचे तास नोंदवलेच नसतील तर १९४६ पासूनचा सुप्रीम कोर्टाचा दंडक असा की कामगाराने वाजवी अंदाज मांडावा आणि तो खोटा हे मालकाने दाखवावं. हा अंदाज जितका कागदावर टेकलेला तितका बरा. दुकानाच्या अलार्मचा कोड तुमचा असेल तर उघड-बंद करण्याच्या वेळा कंपनीकडेच आहेत, त्या कोर्टामार्फत मागता येतात. गार्डन स्टेट पार्कवे या टोलरस्त्याने जात असाल तर ई-झेडपासचं, म्हणजे टोल कापल्याच्या वेळांचं, स्टेटमेंट काढा. घरी टाकलेला ‘आज उशीर होईल, मुलांना जेवायला दे’ हा मेसेजसुद्धा पुरावा आहे, तो डिलीट करू नका. आजपासून वहीत रोजच्या वेळा लिहा. कंपनीच्या कॉम्प्युटरवरून विक्रीचे आकडे किंवा इतरांच्या फाइली मात्र स्वतःला पाठवू नका. त्याने तुमची बाजू बळकट होत नाही आणि त्यांच्या वकिलाला हत्यार मिळतं.

इथे आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. आपण रेझ्युमे आणि लिंक्डइनवर चांगलं दिसावं म्हणून लिहितो, ‘बारा जणांच्या टीमचं नेतृत्व केलं, भरती आणि प्रशिक्षण सांभाळलं, पेरोल नियंत्रित केलं.’ जबानीच्या दिवशी समोरचा वकील पहिला कागद काढतो तो हाच. वार्षिक सेल्फ-इव्हॅल्युएशन दुसरा. एका प्रकरणात माझ्या अशिलाने तीन वर्षं स्वतःबद्दल जे लिहिलं होतं ते वाचून दाखवल्यावर त्याला उत्तर सुचेना, आणि आम्हाला निम्म्याहून कमी रकमेवर थांबावं लागलं. खोटं काही पुसायला जाऊ नका, दाव्याचा विचार सुरू झाल्यावर प्रोफाइल बदलणं आणखी वाईट दिसतं. पण पुढचं सेल्फ-इव्हॅल्युएशन लिहाल तेव्हा खरं तेच लिहा: मंगळवारी ट्रक, बुधवारी शेल्फ, रोज रजिस्टर.

पैसे किती? यावर आकड्यांत मोठी दरी आहे आणि बहुतेक वकील पहिल्या भेटीत ती सांगत नाहीत. तुमचे ९०० डॉलर ४० तासांसाठी होते असं धरलं तर तासाचा दर २२.५०, दीडपट ३३.७५, वीस जादा तासांचे ६७५ डॉलर आठवड्याला. पण कंपनी म्हणेल, ९०० हे सगळ्याच तासांसाठी होते. म्हणजे दर १५, आणि त्याच्यावर फक्त अर्धपट ७.५० द्यायचे राहिले, वीस तासांचे १५० डॉलर. वर्षात ४८ आठवडे धरले तर पहिल्या हिशोबाने ३२,४००, दुसऱ्याने ७,२००. नोकरी देताना पत्रात किंवा तोंडी किती तासांचं बोलणं झालं होतं, यावर हे ठरतं. म्हणून ऑफर लेटर शोधा. मिळेल त्या रकमेइतकीच भरपाई फेडरल कायद्याने वर मिळते, मालकाने प्रामाणिकपणे आणि सबळ कारणाने चूक केली हे दाखवलं नाही तर. न्यू जर्सीचा २०१९ चा कायदा त्याहून पुढे जातो आणि दुपटीपर्यंत वर देऊ शकतो. जिंकलात तर वकिलाची फी मालकाने द्यायची असते, म्हणून आमच्यासारखे वकील तुमच्याकडून आधी पैसे घेत नाहीत.

आता मुदत. हे वाचून तुम्ही दुसरं काही केलं नाहीत तरी एवढं लक्षात असू द्या. फेडरल दाव्याला मागची दोनच वर्षं मिळतात. मालकाने जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने केलं हे दाखवलं तर तीन. सामूहिक दाव्यात तुमचं घड्याळ तुमचं लेखी संमतिपत्र कोर्टात पोचेपर्यंत चालूच राहतं, दुसऱ्या कुणी आधी दावा लावला म्हणून थांबत नाही. लेबर खात्याकडे तक्रार केली तरी ते थांबत नाही. दर आठवड्याला मागचा एक आठवडा गळून पडतो. न्यू जर्सीत ऑगस्ट २०१९ पासून राज्याच्या कायद्याखाली सहा वर्षं आहेत, म्हणून तुमची तिन्ही वर्षं आज शाबूत आहेत. २०१५ साली साताऱ्याकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. एका औषधांच्या साखळी दुकानात सात वर्षं असिस्टंट मॅनेजर, आठवड्याला पासष्ट तास, आणि सगळं वहीत नीट लिहिलेलं. नोकरी सोडून तीन वर्षं उलटली होती. तेव्हा राज्याची मुदतही दोनच वर्षांची होती. इतकी चोख वही मी आजवर पाहिलेली नाही, आणि मला ती मिटून त्यांना परत द्यावी लागली.

एकटीने लढायचं की सगळ्यांनी मिळून? नोकरीला लागताना ऑनलाइन सही केलेल्या कागदांत आर्बिट्रेशनचा, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे नेण्याचा, करार आहे का ते आधी बघा. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर असा करार असेल तर सामूहिक दावा बहुधा बंद होतो. हक्क बुडत नाही, पण प्रत्येकाने वेगळं आर्बिट्रेशनला जावं लागतं. करार नसेल तर इतर दुकानांतल्या असिस्टंट मॅनेजरांशी बोला, दुकानाबाहेर आणि स्वतःच्या फोनवरून. एकाच कंपनीने एकाच पदाला सरसकट एक्झेम्प्ट ठरवलेलं असतं, तेव्हा दहा जणांच्या सारख्या कहाण्या एकमेकींना आधार देतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की पगार किमान रकमेच्या जरा वर गेला की मॅनेजर छापाची पदनावं तब्बल ४८५ टक्क्यांनी वाढतात. तुम्ही एकट्या नाही आहात.

तुमच्या भावाचंही विचारलंत, पुण्यातल्या मॉलमध्ये ‘डिपार्टमेंट मॅनेजर’ आहे आणि बारा-बारा तास उभा असतो. मी तिथे वकिली करत नाही, त्याने पुण्यातल्या कामगार वकिलालाच भेटावं. पण तत्त्व तिथेही ओळखीचं आहे. महाराष्ट्रात दुकानांच्या कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो आणि व्यवस्थापकीय पदांना त्यातून वगळलेलं असतं. एखादा माणूस ‘कामगार’ आहे की नाही हे पदनामावरून नव्हे तर त्याच्या मुख्य कामावरून बघायचं, हे भारताच्या सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या सीबा गायगी कंपनीच्या खटल्यात १९८५ मध्येच सांगितलं आहे. त्यानेही कामाच्या वेळा लिहायला सुरुवात करावी.

राहिला व्हिसा, आणि मला ठाऊक आहे की खरी भीती तिथे आहे. पगाराचा दावा लावल्याने एच-४ किंवा ईएडी रद्द होत नाही. यजमानांची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठीचा अर्ज, त्यांच्या कंपनीने भरलेली, तिचा तुमच्या दुकानाशी संबंध नाही. हा कायदा कामगाराचा इमिग्रेशन दर्जा पाहत नाही. तक्रार केली म्हणून काढलं, तास कमी केले, दूरच्या दुकानात टाकलं, तर तो वेगळा गुन्हा ठरतो आणि त्याची वेगळी भरपाई असते. असं कुणी करतच नाही असं मी म्हणणार नाही, करतात. म्हणूनच ओव्हरटाइमबद्दल पुढचं जे काही विचाराल ते ईमेलवर, तारखेसह विचारा. फेडरल दाव्यात तुमचं नाव कोर्टाच्या नोंदीत दिसेल, ते लपत नाही. पुढच्या नोकरीच्या दृष्टीने तुम्हाला ते चालेल का, हा निर्णय तुमचा आणि घरच्यांचा.

वकिलाकडे जाताना ऑफर लेटर, मिळतील तेवढे पे-स्टब, शेड्यूलचे फोटो आणि एक साधा कागद घेऊन जा. त्या कागदावर गेल्या आठवड्याचे सात दिवस लिहा, तासागणिक, आणि प्रत्येक तासापुढे दोन गोष्टी: हाताने काय केलं, आणि त्या तासात काही ठरवावं लागलं का. ठरवण्याच्या रकान्यात जिथे ‘वर फोन केला’ असं येईल, तिथे कुणाला आणि किती वाजता, तेही लिहा.